श्वासनलिकेतली गाठ: आधी ऑपरेशन की आधी शेक?

पत्र: "माझ्या मिस्टरांचं वय 46. विडी, तंबाखू काही नाही. दीड वर्ष दम्याचा इलाज चालला होता. पंप झाले, गोळ्या झाल्या, मधूनमधून स्टेरॉइडचे कोर्सही झाले. गेल्या महिन्यात थुंकीतून रक्त पडलं म्हणून सिटी स्कॅन काढला, तर श्वासनलिकेत गाठ निघाली. रिपोर्टात लिहिलंय, लांबी 2.6 सेंमी, नळीला दोन फाटे फुटतात तिथून साडेतीन सेंमी वर, आत 6 मिमी जागा शिल्लक. तुकड्याच्या तपासणीत 'ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा', म्हणजे एका प्रकारचा कॅन्सर, आलं. फुप्फुसं स्वच्छ आहेत. एक डॉक्टर म्हणतात, नळीचा तेवढा भाग कापून जोडायचं ऑपरेशन करा आणि मग शेक (रेडिएशन) घ्या. दुसरे म्हणतात, एवढी जोखीम कशाला, जाळी बसवू आणि थेट शेक देऊ. सासरची माणसं म्हणतात, चाकू लागला की कॅन्सर पसरतो. आवाज जाईल का? गळ्याला भोक राहील का? आणि गाठ काढल्यावर पुन्हा शेक कशासाठी? जिना चढताना आता घशातून शिट्टीसारखा आवाज येतो." पंढरपूरहून एक भगिनी

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आम्ही सगळ्यात आधी घेतो, कारण बाकीच्या प्रश्नांना आठ-पंधरा दिवस मिळतील, त्याला कदाचित मिळणार नाहीत. मोठ्या माणसाची श्वासनलिका आतून दीड-दोन सेंमी रुंद असते. ती साधारण 8 मिमीपर्यंत आली की चढताना, भरभर चालताना आवाज येतो. 5 मिमीच्या आसपास आली की बसल्या जागीही येतो. तुमचे मिस्टर 6 वर आहेत. आतल्या अस्तराला सगळीकडून एक मिमी सूज आली, तर 6 चे 4 होतात आणि हवेची वाट निम्म्याहून कमी उरते. त्यासाठी साधी सर्दी किंवा घट्ट कफाचा एक गोळाही पुरेसा आहे.

तेव्हा काही न करता, नुसतं बसलेलं असतानाही शिट्टी ऐकू आली, वाक्य एका दमात पुरं होईना, किंवा पुन्हा रक्त पडलं, तर सकाळची वाट पाहू नका. त्यांना उताणं झोपवू नका; पुढे झुकून बसू द्या, गाडीतसुद्धा. झोपेच्या गोळ्या आणि खोकला दाबणारी, गुंगी आणणारी औषधं आजपासून बंद. ही माणसं खोकून कफ बाहेर टाकतात म्हणून तगतात. आणि आजच फोन करून विचारून ठेवा की, तुमच्या आवाक्यातल्या कोणत्या मोठ्या रुग्णालयात 'रिजिड ब्राँकोस्कोप', म्हणजे न वाकणारी धातूची दुर्बीण आहे आणि ती नेहमी वापरणारे डॉक्टर रात्रीही येतात. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे: "श्वासनलिकेत गाठ आहे, 6 मिमी जागा उरलीय, हा स्कॅन." स्कॅन न पाहता घाईत तोंडातून नळी घातली, तर तिचं टोक गाठीवर आपटून रक्त येतं आणि उरलेली वाटही बंद होते. हे वाक्य एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या खिशात ठेवा.

अशी वेळ आलीच, तर भूल देऊन त्या धातूच्या दुर्बिणीतून गाठीचा आत आलेला भाग कोरून काढता येतो आणि त्याच बैठकीत वाट मोकळी होते. हा पूर्ण इलाज नव्हे. पण त्यामुळे पुढचं ऑपरेशन घिसाडघाईत करावं लागत नाही. (लेसर किंवा विजेचा चटका वापरताना भूलतज्ज्ञ प्राणवायूचं प्रमाण 40 टक्क्यांच्या खाली आणतात. त्याहून जास्त ठेवलं तर नळीच्या आत आग लागू शकते. म्हणूनच हे काम हात बसलेल्या टीमचं आहे.) गळ्याला भोक पाडून नळी बसवायचा आग्रह कुणी धरला, तर गाठीची जागा लक्षात आणून द्या. गाठ छातीत खाली आहे. नेहमीची नळी तिच्या वरच संपेल आणि ऑपरेशनात जोडायला लागणारा निरोगी भाग मात्र खराब होईल. जीव वाचवायला दुसरा मार्गच नसेल तर गोष्ट वेगळी.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुम्ही लिहिलेल्या रिपोर्टवरून आमचं मत पहिल्या डॉक्टरांच्या बाजूचं आहे: आधी ऑपरेशन, मग शेक. गाठ लहान आहे, फाट्यापासून लांब आहे, फुप्फुसं स्वच्छ आहेत, माणूस 46 वर्षांचा आहे. यापेक्षा सोयीची परिस्थिती या आजारात क्वचितच मिळते. अंतिम निर्णय अर्थातच त्यांना तपासणाऱ्या टीमचा.

हा क्रम उलटा का करू नये, त्याला कारण आहे. श्वासनलिकेला रक्त दोन्ही बाजूंनी येणाऱ्या अगदी बारीक वाहिन्यांतून मिळतं. पूर्ण मात्रेचा शेक बसला की कालांतराने या वाहिन्या आक्रसतात. मग गाठ पुन्हा वाढली आणि तेव्हा ऑपरेशन करायचं ठरवलं, तर टाक्यांच्या जागेला भरून यायला रक्तच पुरत नाही. पोटातली चरबीची झालर, म्हणजे ओमेंटम, वर आणून जोडाभोवती गुंडाळावी लागते आणि तरीही सांधा उसवायची भीती राहते. ऑपरेशननंतर शेक देता येतो, शेकानंतर ऑपरेशन फार अवघड होतं. थेट शेकाचा मार्ग निवडणं म्हणजे ऑपरेशनचा दरवाजा जवळपास बंद करून घेणं आहे, हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर त्यांना विचारा.

जाळी, म्हणजे स्टेंट, तर आत्ता नकोच. धातूची जाळी आतल्या अस्तरात रुतते, तिच्या दोन्ही टोकांना मांसाचे अंकुर फुटतात. 2.6 सेंमीच्या गाठीला आधार द्यायला चार-पाच सेंमी लांबीची जाळी लागते. म्हणजे जो भाग कापायची गरजच नव्हती तोही खराब झाला. ज्यांचं ऑपरेशन शक्यच नाही त्यांच्यासाठी जाळी चांगली, आणि तिथेही बऱ्याचदा सिलिकॉनची, कारण ती काढता येते.

आकडे हवे असतील तर बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले घ्या. श्वासनलिकेची शस्त्रक्रिया आज जशी होते, ती बरीचशी तिथल्या हर्मिस ग्रिलो यांच्या कामातून उभी राहिली. त्यांच्या आधी दोन सेंमीपेक्षा जास्त नळी कापून जोडता येत नाही असंच मानलं जायचं. 1962 ते 2002 या चाळीस वर्षांतल्या तिथल्या 270 रुग्णांचा अहवाल 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या रुग्णांना तुमच्या मिस्टरांचाच प्रकार होता. या प्रकारात ऑपरेशन झालेल्यांपैकी 52 टक्के पाच वर्षांनी आणि 29 टक्के दहा वर्षांनी हयात होते. ऑपरेशन होऊ न शकलेल्यांत हेच आकडे 33 आणि 10 होते. हे वाचताना एक भान ठेवा: ज्यांचं ऑपरेशन होऊ शकलं नाही त्यांचा आजार मुळातच जास्त पसरलेला होता, त्यामुळे सगळा फरक चाकूच्या खात्यावर जमा करता येत नाही. त्याच अहवालात ऑपरेशनशी निगडित मृत्यूंचं प्रमाण सुरुवातीच्या दशकातल्या 21 टक्क्यांवरून शेवटी 3 टक्क्यांवर आलेलं दिसतं. म्हणजे दुसरे डॉक्टर जोखीम म्हणतात ती खरी आहे. पण ती हाताच्या सरावाने कमी होते, आणि त्यामुळे ऑपरेशन करायचं की नाही यापेक्षा कुणाकडे करायचं हा प्रश्न मोठा आहे.

सासरच्या मंडळींना सांगा की, हा आजार चाकू लागायच्या कितीतरी आधीपासून आपल्या वाटा शोधत असतो. त्याची मुख्य वाट म्हणजे मज्जातंतूंच्या कडेकडेने आणि अस्तराखालून सरकत जाणं. दुसरी वाट रक्तातून फुप्फुसात जायची, तीही अनेकदा वर्षानुवर्षं संथपणे. हात न लावल्याने दोन्ही वाटा बंद होत नाहीत, नळी मात्र बंद होते. या रुग्णांना मोठा धोका असतो तो गुदमरण्याचा. म्हणूनच फुप्फुसात एक-दोन बारीक ठिपके असले तरी काही वेळा नळीचं ऑपरेशन केलं जातं.

ऑपरेशनआधी एक गोष्ट तुम्हीच धरून लावायची आहे, कारण दम्याच्या फाइलमधली ही नोंद सर्जनपर्यंत पोचेलच असं नाही. स्टेरॉइड. दीड वर्षात त्यांनी किती कोर्स घेतले, शेवटची गोळी कधी घेतली, आजही चालू आहे का, हे तारखांसकट लिहून काढा. पोटात जाणाऱ्या स्टेरॉइडमुळे जखम भरायला वेळ लागतो आणि नळीचा सांधा सुटतो, म्हणून ऑपरेशनच्या काही आठवडे आधी ती थांबवलेली बरी. पण फार दिवस चालू असतील तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांच्या हिशोबाने हळूहळू उतरवा. साखरही तपासून घ्या, स्टेरॉइडवरच्या माणसाची ती न कळत चढलेली असते. आणि अन्ननलिका श्वासनलिकेला अगदी पाठीमागे चिकटून असते, तेव्हा गाठ तिच्यात शिरलेली नाही हे दुर्बिणीने पाहिलंय ना, तेही विचारा.

प्रत्यक्ष ऑपरेशनात 2.6 सेंमी गाठ आणि दोन्ही बाजूंना थोडा निरोगी भाग धरून साधारण चार सेंमी, म्हणजे कुर्चेच्या आठेक कड्या निघतील. संपूर्ण नळी 11 सेंमीच्या आसपास आणि कड्या 18 ते 22. तज्ज्ञ हातात निम्म्यापर्यंत नळी काढून जोडता येते, पण चार सेंमीच्या पुढे सांध्यावर ताण वाढतो आणि गुंतागुंतही. तुमचं प्रकरण त्या रेषेवर आहे. छाती उजव्या कुशीतून उघडायची की समोरून, हे सर्जन स्कॅन पाहून ठरवतील. नळी कापल्यावर श्वास चालू राहावा म्हणून खालच्या उघड्या टोकात वेगळी निर्जंतुक नळी घालून तिच्यातून हवा दिली जाते, आणि टाके घालताना ती पुन्हापुन्हा काढून परत बसवली जाते. विरघळणारे एकेक सुटे टाके, त्यांच्या गाठी बाहेरच्या बाजूला. टोकं एकमेकांपर्यंत यावीत म्हणून मान पुढे वाकवतात, फुप्फुसाचा देठ थोडा सैल करतात, काही वेळा स्वरयंत्राच्या वरची बाजूही सोडवतात.

कापलेल्या कडा ऑपरेशन चालू असतानाच तपासायला पाठवतात. या आजारात त्या कडांवर सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशी सापडणं अगदी नेहमीचं आहे. अशा वेळी चांगला सर्जन आणखी कापत जात नाही, थांबतो. कारण उरलेल्या पेशींना शेक आहे, ताणून उसवलेल्या सांध्याला सोपा उपाय नाही. तेव्हा रिपोर्टात 'मार्जिन पॉझिटिव्ह' दिसलं म्हणजे ऑपरेशन फसलं असं समजू नका.

शुद्धीवर आल्यावर त्यांची हनुवटी छातीकडे एका जाड टाक्याने बांधलेली दिसेल. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मान अचानक मागे जाऊन सांधा ओढला जाऊ नये यासाठीचा तो लगाम आहे, साधारण सातव्या दिवशी काढतात. त्याच सुमारास आतून दुर्बीण घालून सांधा बघतात. तोवर त्यांना हाक मारताना समोर या, पलंगाच्या डोक्याकडून बोलू नका. पाणी आणि औषधं सपाट ठेवलेल्या कपातून स्ट्रॉने. पहिला घोट मात्र गिळणं तपासल्याशिवाय नाही. आवाजाच्या नसा नळीच्या दोन्ही कडांनी जातात. एखादी दुखावली तर आवाज बसतो आणि पाण्याने ठसका लागतो. बऱ्याचदा हे काही आठवड्यांत सुधारतं. स्वरयंत्र कापलं जात नाही, त्यामुळे आवाज कायमचा जाण्याची भीती नाही म्हटलं तरी चालेल, आणि गळ्याला कायमचं भोक ठेवायचं हे ऑपरेशन नव्हे. आवाजाचा पोत थोडा बदलू शकतो.

पहिल्या आठवड्यात मानेच्या कातडीखाली बोटाने दाबल्यावर कुरकुर जाणवली, तर ती झिरपलेली हवा असते. लगेच नर्सला सांगा. घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा शिट्टी सुरू झाली, तर टाक्यांपाशी मांस वाढलंय किंवा सांधा आवळतोय, दुर्बिणीने ते साफ करता येतं. आणि रक्त चमचाभर पडलं तरी ते दाखवायचंच, त्याच दिवशी. सांध्याच्या पुढूनच मोठी रोहिणी जाते आणि थोडं रक्त कधीकधी तिची पहिली सूचना असते.

आता शेक. गाठ काढली तरी अस्तराखालून आणि नसांच्या कडेने पसरलेल्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांच्यासाठी तो असतो. कडा स्वच्छ आल्या तरी या आजारात बहुतेक केंद्रं तो देतात. आजार इतका दुर्मीळ आहे की दोन गट करून तुलना करणारी मोठी चाचणी कुणी घेऊ शकलेलं नाही, त्यामुळे कडा अगदी स्वच्छ असताना डॉक्टरांत मतभेद दिसला तर नवल वाटून घेऊ नका. सुरुवात ऑपरेशननंतर चार ते आठ आठवड्यांनी, दुर्बिणीत सांधा भरलेला दिसल्यावरच. मात्रा साधारण 54 ते 60 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), रोज 1.8 ते 2 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे साडेपाच-सहा आठवडे. आधी एक दिवस नियोजनाचा स्कॅन होतो, मान-खांद्यांवर गरम प्लास्टिकचा मास्क ताणून साचा घेतात. मास्कमध्ये दम कोंडल्यासारखं वाटलं तर तेव्हाच सांगा. रोजचं टेबलावरचं काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं.

यासाठी मुंबईतच राहायला हवं असं नाही. जवळच्या केंद्रात लिनॅक, म्हणजे शेक देणारं मशीन असेल आणि आयएमआरटी पद्धतीने, म्हणजे किरणांना गाठीच्या जागेचा आकार देऊन, शेक देत असतील तर चालेल, फक्त ऑपरेशनची नोंद आणि सांध्याची नेमकी जागा तिथल्या डॉक्टरांच्या हातात द्या. प्रोटॉन, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या किरणांनी शेक द्यायची सोय खारघरला टाटा स्मारकच्या ॲक्ट्रेक केंद्रात आणि चेन्नईत अपोलोमध्ये आहे. गाठ काढताच येत नाही आणि 66-70 ग्रे किंवा त्याहून जास्त द्यायचे आहेत, अशा रुग्णांना तिचा विचार जरूर करावा. तुमच्या मिस्टरांसाठी तिच्यापायी शेक लांबवू नये असं आम्हाला वाटतं. केमोचा या आजारात सिद्ध झालेला फायदा नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना छातीत जळजळ आणि दुखणं सुरू होईल, कारण अन्ननलिकाही त्याच किरणांच्या वाटेवर आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी, ठेचा, कढत चहा तेवढे दिवस बाजूला ठेवा. मुगाची मऊ खिचडी, दूध घालून नाचणीचं सत्त्व, अंडं, पातळ वरणात कुस्करलेली पोळी चालेल. दर सोमवारी वजन लिहा. घसरत असेल तर वेदनाशामक आणि गिळण्याआधी घ्यायचं सुन्न करणारं औषध मागून घ्या, सोसत बसू नका. शेकाच्या जागी हळद, तेल, बाम काही लावायचं नाही. सणवार, लग्नकार्य म्हणून मध्ये खाडे नकोत, मधल्या खंडाचा फायदा उरलेल्या पेशींनाच होतो. त्यांना व्यसन नाही हे उत्तम, पण घरात कुणी मिसरी भाजत असेल तर तो धूर त्यांच्यापासून लांब ठेवा.

नंतरची तपासणी जन्मभराची. हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढतो, त्यामुळे 'पाच वर्षं झाली, सुटलो' हे गणित इथे लागू नाही. छातीचा स्कॅन आणि दुर्बीण ठरलेल्या अंतराने, आणि शेकाच्या टापूत गळ्याचा भाग आला असेल तर थायरॉइडसाठी टीएसएच ही रक्ततपासणी वर्षातून एकदा तरी.

खर्चाचं: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, दाखल होण्याआधीच भेटा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. मंजुरी ऑपरेशनपूर्वी लागते, आधी पैसे भरून नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नका.

दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. तुकड्याची काचेची स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेकडून सही करून घ्या. बारीक तुकड्यात या गाठीची दुसऱ्या गाठींशी गल्लत होऊ शकते, म्हणून नवीन ठिकाणचे पॅथॉलॉजिस्ट ती स्वतः पाहतात. स्कॅनची फिल्म नको, सीडी हवी. पातळ कापांशिवाय सर्जनला लांबी मोजता येत नाही. आणि सर्जनना संकोच न करता विचारा की, नळी कापून जोडायची ऑपरेशनं तुमच्याकडे वर्षाला किती होतात, आणि अशा ऑपरेशनला सरावलेले भूलतज्ज्ञ कोण आहेत. उत्तर 'क्वचित एखादं' असेल, तर त्यांनाच विचारा की त्यांच्या घरच्या माणसाला ते कुठे पाठवतील.